परवाने, पॉलिसी आणि गेट पास : साइटवरच्या प्रकल्प नोंदी

प्रकल्प : पुण्याच्या वायव्येला, रावेतजवळ, चार टॉवरचे गृहसंकुल. दोन टॉवरचे आरसीसी चालू, तिसऱ्याचे फिनिशिंग, चौथ्याचे खोदकाम. विकसक आम्ही, म्हणजे कायद्याच्या भाषेत प्रिन्सिपल एम्प्लॉयर, मूळ मालक. माझ्याकडे आलेले काम : साइटवरच्या प्रत्येक ठेकेदाराचा परवाना, विमा, पीएफ आणि ईएसआयसी (कामगार राज्य विमा) यांचा माग ठेवणारी पद्धत बसवणे आणि ती गेटशी जोडणे.

3 जून 2024

हेड ऑफिसच्या कपाटातल्या ठेकेदारांच्या फायली आज साइटवर आणल्या. प्रत्येक फाईल वर्क ऑर्डर निघाली त्या दिवशी नीट लावलेली आहे. पॅन, जीएसटी, पीएफ कोड, लेबर लायसन्सची (कंत्राटी कामगार ठेवण्याच्या परवान्याची) झेरॉक्स, वर्कमेन कॉम्पेन्सेशनची म्हणजे कामगाराच्या अपघात भरपाईची पॉलिसी, सगळे जागच्या जागी. त्यानंतर मात्र फाईल कुणी उघडलेली दिसत नाही. परवान्याला मुदत असते, पॉलिसी कुणी वर्षाची काढतो तर कुणी तीन महिन्यांची, आणि आमच्याकडची कामे दोन-दोन, तीन-तीन वर्षे चालतात. फायलीत कागद आहे एवढ्यावरून आज सकाळी आठ वाजता पहाडावर (मचाणावर) चढलेल्या माणसाला विम्याचे कवच आहे की नाही, हे कळायला मार्ग नाही.

रजिस्टर ठेकेदारानुसार न मांडता कागदानुसार मांडले. एका ओळीत एक कागद. रकाने : कुणाच्या नावाने, कोणत्या जागेसाठी, किती माणसांसाठी, कोणत्या कामासाठी, कधीपासून कधीपर्यंत, कुणी पडताळला आणि कुठे पडताळला. शेवटच्या रकान्यात नुसती बरोबरची खूण चालणार नाही. पडताळणाऱ्याचे नाव आणि तारीख हवी.

5 जून

ठेकेदारांना फोन केले. निम्म्यांचे उत्तर एकच : "मॅडम, आमची पन्नासच्या आत माणसं आहेत, आम्हाला काही लागत नाही."

यात अर्धे खरे आहे. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात परवान्याची मर्यादा मुळात वीस कामगारांची होती. महाराष्ट्राने दुरुस्ती करून ती पन्नास केली आणि 2017 पासून ती लागू झाली. म्हणून चाळीस माणसांच्या ठेकेदाराला त्या कायद्याखाली परवाना लागत नाही, हे बरोबर. पण 1996 चा इमारत व इतर बांधकाम कामगार कायदा दहा माणसांपासून लागतो. आणि 1923 चा नुकसानभरपाई कायदा माणसे मोजतच नाही. एक बिगारी कामावर असला आणि पडला, तरी भरपाई देणे आहेच. चार नव्या कामगार संहिता संसदेत संमत झाल्या आहेत, आज, जून 2024 मध्ये, अंमल अजून व्हायचा आहे. तोवर साइट याच कायद्यांवर चालवायची.

तिन्ही आकडे मोठ्या अक्षरांत छापून साइट ऑफिसच्या दारावर लावले.

7 जून

पहिली चाळणी संपली. कागद नाहीच असे ठेकेदार थोडे निघाले. कागद आहे पण आपल्या माणसाला लागू होत नाही, असे पुष्कळ.

ब्लॉकवर्कवाल्याची पॉलिसी पंचवीस माणसांची, कालच्या हजेरीत शेहेचाळीस. पॉलिसीवरचा पत्ता वाकडच्या दुसऱ्या साइटचा. प्लास्टरवाल्याची वर्क ऑर्डर भागीदारी फर्मच्या नावाने आणि पॉलिसी एकट्या भागीदाराच्या नावाने. बाहेरच्या रंगकामाच्या ठेकेदाराच्या पॉलिसीत कामाचे वर्णन 'घरातील रंगकाम', आणि त्याची माणसे अठराव्या मजल्याबाहेर झुल्यावर. आरसीसीच्या मुख्य ठेकेदाराकडे लेबर लायसन्स आहे, पण ते दीडशे माणसांचे. परवान्यावर जी कमाल संख्या लिहिलेली असते ती कोणत्याही दिवशी ओलांडायची नाही, ही परवान्याचीच अट आहे. स्लॅबच्या दिवशी त्याची दोनशेवर माणसे आत असतात.

सर्वांत गंभीर प्रकरण टाइल्सच्या ठेकेदाराचे. पॉलिसी हातात, शिक्का आहे, क्रमांक आहे, मुदत मार्चपर्यंत. क्रमांक विमा कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला तर पॉलिसी रद्द. चौकशी केली तेव्हा कळले की प्रीमियमचा चेक परत गेला होता. विमा कायद्याच्या कलम 64 व्हीबीप्रमाणे प्रीमियम हाती आल्याशिवाय कंपनीवर जोखीम चढत नाही. छापलेला कागद जगात फिरत राहतो आणि त्यामागे काहीच नसते. त्या ठेकेदाराची बावीस माणसे दोन महिने आपल्या लॉबीत फरशा बसवत होती. आजपासून त्यांचे काम थांबवले.

11 जून

ब्लॉकवर्कवाले दादा स्वतः भेटायला आले. पंचवीस वर्षे याच धंद्यात, अक्कलकोटकडचे. त्यांचे म्हणणे इथे तसेच लिहून ठेवते, कारण त्यात तथ्य आहे.

"मॅडम, पॉलिसी काढली तेव्हा माणसं पंचवीसच होती. तुमच्या साहेबांनी ताण दिला म्हणून गावाकडून दुसरी टोळी आणली. वाढीव माणसांचा प्रीमियम एकरकमी भरायचा, आणि माझं एप्रिलचं आरए बिल, झालेल्या कामाचं, अजून तुमच्याकडंच आहे. पोरांना उचल द्यायची, खोलीचं भाडं द्यायचं, की प्रीमियम भरायचा?"

बिल खरोखरच थकलेले आहे. मेजरमेंट शीटवर सही व्हायला वीस दिवस गेले, पुढे अकाउंट्समध्ये पडून राहिले. विमा भरला नाही म्हणून ठेकेदाराला जाब विचारायचा, तर त्याचे पैसे वेळेवर सोडण्याची जबाबदारी आपलीही आहे. प्रोजेक्ट मॅनेजर आणि अकाउंट्सला मेल लिहिला : विम्याचा प्रीमियम भरण्यापुरती रक्कम बिलातून आधी सोडावी, बाकी बिल आपल्या गतीने जाऊ दे. सोबत दादांचे उदाहरण रकमेनिशी दिले.

14 जून

आढावा बैठक. वरून प्रश्न आला की एवढा खटाटोप कशासाठी, ठेकेदाराची माणसे म्हणजे ठेकेदाराची जबाबदारी. फळ्यावर हिशेब मांडला.

मजूर तीस वर्षांचा. मृत्यू झाला तर मासिक वेतनाच्या निम्मी रक्कम गुणिले वयाचा गुणांक. तिशीचा गुणांक 207.98. हिशेबात धरायच्या वेतनाची कमाल मर्यादा जानेवारी 2020 पासून 15,000 रुपये. म्हणजे 7,500 गुणिले 207.98, एकूण 15,59,850 रुपये. ठेकेदाराने प्रीमियम वाचवायला पॉलिसीत महिन्याची मजुरी 9,000 दाखवली असेल, तर त्या वेतनावर रक्कम येते 9,35,910. मधले 6,23,940 रुपये कोण देणार? विमा कंपनी जाहीर केलेल्या मजुरीकडे बोट दाखवते. ठेकेदाराच्या खात्यात तेवढे नसतात. आणि 1923 च्या कायद्याचे कलम 12 सांगते की आपल्या धंद्याचे काम ठेकेदाराकडून करवून घेतले, तर भरपाई मूळ मालकाकडूनही मागता येते. मालकाने ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी. महिन्याभरात रक्कम भरली नाही तर 12 टक्के व्याज, शिवाय 50 टक्क्यांपर्यंत दंड. दंडाची रक्कम विमा कंपनी उचलत नाही.

पुढे कुणी काही विचारले नाही. गेट जोडायला परवानगी मिळाली.

18 जून

पद्धत ठरली ती अशी. गेट पासला स्वतःची मुदत नाही. पास ज्या कागदांच्या जोरावर दिला, त्यांतला जो आधी संपेल त्या तारखेला पास बंद. पॉलिसी 30 ऑगस्टला संपत असेल तर 31 तारखेला गेटवरचे चेहरा ओळखणारे मशीन त्या ठेकेदाराच्या माणसांचे चेहरे घेणार नाही. ठेकेदाराला तीस दिवस, पंधरा दिवस आणि सात दिवस आधी मेसेज जाईल, तोही मराठी आणि हिंदीत. ठेकेदार इंग्रजी मेल उघडत नाहीत, व्हॉट्सॲप बघतात.

दुसरी अट संख्येची. पॉलिसी पंचवीस माणसांची असेल तर सव्विसावा चेहरा आत जाणार नाही.

इंडक्शनच्या, म्हणजे नव्या माणसाला दाखल करून घेण्याच्या खोलीत प्रत्येक कामगाराची नोंद होते : आधार, वय, काम, कुणाच्या टोळीत, गावाकडचा फोन, घरी कोण. वय महत्त्वाचे आहे, कारण भरपाईचा गुणांक वयावर ठरतो आणि अठराच्या आतला मुलगा आत घ्यायचाच नाही. घरचा फोन घेताना मुले लाजतात. एकाने बायकोचा नंबर दिला आणि म्हणाला, "तिला फोन नका करू, घाबरेल." त्याला समजावले की नंबर नुसता लिहून ठेवतोय.

गेटवरचे सिक्युरिटी काका सातवी शिकलेले, पण याद्या वाचण्यात पक्के. मशीन बंद पडले तर हाती यादी असावी म्हणून रोज सकाळी सातला छापील प्रत त्यांच्याकडे द्यायची, असे त्यांनीच सुचवले.

25 जून

ज्याची धास्ती होती तो दिवस आला. बी टॉवरच्या चौदाव्या मजल्याचा स्लॅब, रेडीमिक्सच्या गाड्या सकाळी दहाला लागणार, बूम पंप उभा, आणि आरसीसी ठेकेदाराची पंधरा माणसे गेटबाहेर. पॉलिसीतली संख्या संपलेली.

प्रोजेक्ट मॅनेजर साहेबांनी फोन केला : "पंधरा जणांना आत सोडा, संध्याकाळपर्यंत कागद होतील." ठेकेदाराने ब्रोकरचा मेल दाखवला, 'वाढीव कामगार समाविष्ट करण्याची प्रक्रिया सुरू आहे.' प्रक्रिया सुरू असणे म्हणजे विमा असणे नव्हे. कंपनीचे एन्डॉर्समेंट (पॉलिसीतल्या बदलाचा पुरवणी कागद) आणि प्रीमियमची पावती आल्याशिवाय सोडता येणार नाही, असे साहेबांना सांगितले. ते चिडले. त्यांची बाजूही खोटी नव्हती, गाड्या प्लांटवर भरून तयार होत्या आणि काँक्रीट थांबत नाही.

ठेकेदाराने शेवटी प्रीमियम ऑनलाइन भरला. एन्डॉर्समेंट सव्वाबाराला आले. प्लांटला गाड्या मागेपुढे करायला सांगितल्या, दोन वाजता काँक्रीट सुरू झाले, रात्री साडेदहाला स्लॅब संपला. संख्या आता दोनशे चाळीस केली आहे, आणि लायसन्सवरची संख्या वाढवायचा अर्जही त्याच दिवशी कामगार विभागाच्या पोर्टलवर टाकून घेतला. स्लॅबचा दिवस आधीच्या आठवड्यात ठाऊक असतो. तेव्हा यापुढे स्लॅबच्या वेळापत्रकासोबत माणसांचा अंदाजही माझ्याकडे येईल, असे साहेबांनीच ठरवून दिले.

9 जुलै

प्लंबिंगच्या ठेकेदाराने पॉलिसीऐवजी पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर हमीपत्र आणले. 'माझ्या कामगारांस काही इजा झाल्यास सर्व जबाबदारी माझी राहील, कंपनीस तोशीस लागू देणार नाही.' मागे प्रत्येक कामगाराचा अंगठा, 'मी भरपाई मागणार नाही' असे.

दोन्ही परत केले. पहिला करार त्याच्या आणि आपल्यातला. कामगाराचा आपल्याकडून मागण्याचा हक्क त्याने जात नाही. दुसरा तर मुळातच रद्दबातल आहे. कामगाराने आपला भरपाईचा हक्क करार करून सोडला तरी 1923 चा कायदा तो करार मानत नाही, कलम 17. त्या पोरांना अंगठे कशावर दिले हे विचारले तर त्यांना वाटत होते, तो पगाराचा कागद आहे. ठेकेदाराला त्यांच्यासमोर बसवून तो कागद फाडायला लावला.

25 जुलै

रात्रभर पाऊस, शहरात पाणी. काम बंद. लेबर कॅम्पच्या मागच्या रांगेत पाणी शिरले, तिथल्या कुटुंबांना ए टॉवरच्या पोडियमवर हलवले. आज कागदाचे काम नाही.

1 ऑगस्ट

आज एक वर्ष झाले. गेल्या वर्षी 31 जुलैच्या रात्री समृद्धी महामार्गाच्या कामावर शहापूर तालुक्यात सरलांबे इथे गर्डर आणि लाँचर कोसळून वीस जण गेले. त्यातले बरेच परराज्यातले. टूलबॉक्स टॉकमध्ये, म्हणजे कामाआधीच्या सुरक्षेच्या बैठकीत, सेफ्टी ऑफिसरांनी दोन मिनिटे शांत उभे केले.

त्याच धाग्याने एक काम हाती घेतले : साखळीचा तळ शोधणे. मुख्य ठेकेदार काम दुसऱ्याला देतो, दुसरा मुकादमाला. आपल्याकडे कागद पहिल्याचे, आणि माणसे तिसऱ्याची. प्रत्येक टोळीला विचारले, "पगार कोण देतं?" उत्तर आले ते नाव आणि आपल्या रजिस्टरमधले नाव जुळते का ते पाहिले. वॉटरप्रूफिंगमध्ये जुळले नाही. ज्याला काम दिले त्याने ते जसेच्या तसे दुसऱ्याला दिलेले होते. दुसऱ्याकडे स्वतःची पॉलिसी आहे, पण त्याचे नाव आपल्या एकाही कागदावर नाही.

वर्क ऑर्डरमध्ये कलम घातले : लेखी मंजुरीशिवाय खाली काम देता येणार नाही, आणि खालच्या ठेकेदाराचे कागद वरच्यानेच आणून द्यायचे. या दुसऱ्या ठेकेदाराची नोंद आज करून घेतली, त्याच्या नऊ माणसांचे पास त्याच्या पॉलिसीला जोडले.

6 ऑगस्ट

हायड्रा, म्हणजे चाकांवरची फिरती क्रेन. गाडीचा विमा आहे म्हणून चालक निर्धास्त. पॉलिसी उघडून पाहिली तर ती मोटर पॉलिसी, आणि आयएमटी 47 लागू. हायड्रा, क्रेन, पोकलेन यांच्या पॉलिसीत हे कलम येते. जास्तीचा प्रीमियम भरला नसेल तर काम करताना यंत्र उलटून झालेले नुकसान त्यात बसत नाही. हायड्राचे अपघात बहुतेक उलटण्याचेच. भार उचलून चालवत नेतात, चिखलात पुढचे चाक रुतते आणि गाडी आडवी होते. मालकाला उलटण्याचे कव्हर घेऊन यायला सांगितले. बूम पंप आणि टॉवर क्रेनच्या मालकांना काँट्रॅक्टर्स प्लांट अँड मशिनरी पॉलिसी मागितली. टॉवर क्रेनवाल्यांकडे ती होती, सोबत सक्षम व्यक्तीचा तपासणी अहवालही. त्या अहवालाच्या मुदतीची ओळ रजिस्टरमध्ये वेगळी घातली.

22 ऑगस्ट

दुपारी पावणेतीनला सी टॉवरच्या लिफ्ट मशीन रूममध्ये वॉटरप्रूफिंगचा हेल्पर शिडीवरून पडला. वय चोवीस, झारखंडचा. उंची फार नव्हती, पण टाचेवर आपटला. शुद्धीवर होता. आपल्या ॲम्ब्युलन्सने जवळच्या खाजगी रुग्णालयात नेले. टाचेचे हाड मोडले आहे, शस्त्रक्रिया लागेल.

रुग्णालयाने आधी अनामत मागितली. त्याचा ठेकेदार फोन उचलेना. आपण भरली.

संध्याकाळी ठेकेदार आला तो प्रस्ताव घेऊनच. ऑपरेशन साधे करून घ्यायचे, हातात वीस हजार द्यायचे आणि गाडीत बसवून गावी पाठवायचे. मुलगा तयारही होता, त्याला घरी जायचे होते. त्याच्या भावाला बोलावून दोघांना समजावले की उपचाराचा प्रत्यक्ष खर्च आणि बसून राहावे लागेल त्या काळाचे पैसे हा तुमचा हक्क आहे, कुणाची मेहरबानी नाही. आणि तो घेण्यासाठी नोकरी किंवा गाव सोडावे लागत नाही.

26 ऑगस्ट

विमा कंपनीला कळवले. त्यांनी मागितले : हजेरी, पगाराची नोंद, रुग्णालयाचे कागद, अपघाताचा अहवाल. ठेकेदाराच्या मस्टरमध्ये मुलाचे नाव नाही. तो कच्च्या वहीत हजेरी मांडतो, आणि त्यातही नुसते 'छोटू'. आपल्या गेटच्या नोंदीत मात्र 1 ऑगस्टपासूनची त्याची रोजची वेळ आहे, पॉलिसीचा क्रमांक आहे, आधार आहे. विमा कंपनीच्या सर्व्हेअरने तीच नोंद आधाराला घेतली.

पॉलिसीत वैद्यकीय खर्चाची जोड आहे, पण माणशी पन्नास हजारांपुरती. बिल त्याच्या दुपटीच्या पुढे गेले. 1923 च्या कायद्यात 2010 पासून उपचाराचा प्रत्यक्ष खर्च द्यावाच लागतो, त्याला कमाल मर्यादा नाही. वरची रक्कम आपण भरली आणि वरच्या ठेकेदाराच्या बिलातून डेबिट केली. रजिस्टरमध्ये नवा रकाना : वैद्यकीय जोड किती?

मजुरी रोजची साडेसहाशे, महिन्याला सोळा हजार नऊशे. हिशेबात 15,000 धरायचे. तात्पुरत्या अपंगत्वात दर पंधरवड्याला त्याच्या 25 टक्के, म्हणजे 3,750 रुपये. पहिला हप्ता सोळाव्या दिवशी देय. तारीख भावाच्या फोनमध्ये लावून दिली.

10 सप्टेंबर

गेल्या वर्षी याच तारखेला ठाण्यात बाळकुमला बांधकामावरची लिफ्ट कोसळून सात कामगार गेले. आपल्या दोन्ही होइस्टचे (बांधकामावरच्या लिफ्टचे) कागद पुन्हा काढले. बी टॉवरच्या होइस्टचा तपासणी अहवाल वैध आहे, पण तो यंत्र चौदाव्या मजल्यापर्यंत असतानाचा. नंतर मास्ट, म्हणजे ती ज्यावर चढते तो खांब, वाढवला. वाढवल्यानंतरची तपासणी होईपर्यंत त्यातून माणसे न नेण्याचा निर्णय सेफ्टी ऑफिसरांनी घेतला. माणसे दोन दिवस जिन्याने जातील, कुरकुर झाली. परवा तपासनीस येतील.

इलेक्ट्रिकल ठेकेदाराचा परवाना आणि त्याच्या वायरमनचे परवाने तपासले, सगळे वैध.

13 सप्टेंबर

ठेकेदारांचे पाहता पाहता आपल्याच घराकडे वळले. प्रकल्पाची काँट्रॅक्टर्स ऑल रिस्क पॉलिसी (बांधकामाच्या नुकसानीचा विमा) आपल्या नावाने आहे, मुदत 30 सप्टेंबर. डी टॉवरचे काम त्यापुढे किमान दीड वर्ष. मुदत संपण्याआधी वाढवून घेतली तर ती वाढ ठरते, नंतर गेलो तर नव्याने पॉलिसी आणि मधल्या दिवसांना कवच नाही. विमा रक्कमही जुन्या अंदाजावर आहे. स्टील आणि सिमेंटचे दर तेव्हाचे राहिलेले नाहीत. पूर्ण झालेल्या कामाच्या किमतीपेक्षा विमा रक्कम कमी असेल तर दावाही त्याच प्रमाणात कापला जातो.

डी टॉवरच्या खोदकामाला लागून शेजारच्या सोसायटीची संरक्षक भिंत आहे. तिसऱ्या पक्षाचे नुकसान पॉलिसीच्या दुसऱ्या भागात येते, पण खोदकामाच्या हादऱ्याने किंवा आधार निघाल्याने झालेले नुकसान वेगळे एन्डॉर्समेंट घेतल्याशिवाय धरत नाहीत. ते घ्यायला सांगितले. भिंतीचे आजच्या स्थितीतले फोटो सोसायटीच्या सेक्रेटरींसोबत फिरून, दोघांच्या सहीने घेतले. जुन्या भेगा कोणत्या हे दोघांनाही आज माहीत असलेले बरे.

20 सप्टेंबर

दोन ठेकेदारांनी ईएसआयसीचा कोड दाखवून पॉलिसी नको म्हटले. बांधकाम साइटवरच्या कामगारांना ईएसआयसी ऑगस्ट 2015 पासून लागू झाली, आणि जो कामगार तिच्याखाली आहे त्याला वेगळी भरपाई मागता येत नाही. त्यामुळे म्हणणे तत्त्वतः बरोबर. पण कोड ठेकेदाराचा असतो, विमा क्रमांक माणसागणिक निघतो. एकाकडे एकतीस माणसांपैकी आठ जणांचेच क्रमांक. बाकी तेवीस ना इकडे ना तिकडे. त्यांचे क्रमांक काढण्यासाठी साइट ऑफिसमध्ये संगणक दिला, दोन दिवसांत झाले. मजुरी 21,000 च्या वर असलेले दोन फोरमन ईएसआयसीत बसत नाहीत, त्यांच्यापुरती पॉलिसी घ्यायला लावली.

3 ऑक्टोबर

जूनपासूनचा वाद आज मिटला. पंधराच्या आतल्या छोट्या टोळ्यांना स्वतःची पॉलिसी झेपत नाही आणि काढली तरी अर्धवट निघते. कंपनी आता स्वतःच्या नावाने एक पॉलिसी घेणार, त्यात अशा ठेकेदारांचे कामगार समाविष्ट, मजुरी खरी, वैद्यकीय जोड भरीव. प्रीमियम माणशी बिलातून वळता होईल. अकाउंट्सचा विरोध होता की यामुळे ठेकेदाराची जबाबदारी आपण अंगावर घेतो. ती कलम 12 ने आधीपासूनच आपल्या अंगावर आहे, एवढेच पुन्हा मांडले. ब्लॉकवर्कवाले दादा यात येत नाहीत, त्यांची पॉलिसी आता पन्नास माणसांची आहे, इथल्या पत्त्यावर.

17 ऑक्टोबर

झारखंडचा मुलगा कुबड्या सोडून चालू लागला. डॉक्टरांनी अजून महिनाभर उंचीवरचे काम नको म्हटले आहे. तोवरचे पंधरवड्याचे हप्ते चालू राहतील. बांधकाम कामगार मंडळात त्याची नोंदणी नव्हती. गेल्या वर्षभरात नव्वद दिवस काम केल्याचे प्रमाणपत्र लागते, इथले दिवस पुरत नाहीत. आधीच्या साइटच्या ठेकेदाराकडून उरलेल्या दिवसांचे प्रमाणपत्र मिळवले, अर्ज भरला. ही नोंदणी असती तर मंडळाच्या योजना त्याला आधीच खुल्या झाल्या असत्या. कॅम्पमध्ये रविवारी नोंदणीचे शिबिर ठेवायचे, मंडळाच्या कार्यालयाशी बोलणे चालू.

18 नोव्हेंबर

दिवाळी आणि छठ करून टोळ्या परतायला लागल्या. दरवर्षी हाच काळ अवघड, कारण ठेकेदार तेच असतात पण माणसे बदललेली. गेटवर सकाळी सहापासून रांग. इंडक्शनची दोन टेबले केली. परतलेल्यांचे जुने पास चालू झाले, नव्यांची पूर्ण नोंद. शटरिंगच्या टोळीत दोन मुले सोळा-सतरा वर्षांची निघाली, आधारवर जन्मसाल स्पष्ट. मुकादम म्हणाला, "भाचे आहेत, नुसतं पाणी देतील." आत घेतले नाही. परतीच्या तिकिटाचे पैसे मुकादमाकडून त्यांच्या हातात देववले.

टाइल्सचा ठेकेदार नवी पॉलिसी घेऊन आला. कंपनीच्या संकेतस्थळावर क्रमांक पाहिला, प्रीमियम जमा असल्याचे कंपनीकडून लेखी मागवले, मगच पास चालू केले.

2 डिसेंबर

आरए बिलाच्या नमुन्यात आजपासून एक पान वाढले. बिलाच्या महिन्यात गेटवर दिसलेली माणसे, पीएफच्या ईसीआरमधली (महिन्याच्या विवरणातली) नावे, विम्यातली संख्या आणि बँकेतून मजुरी गेलेली नावे, चारही शेजारी शेजारी. ठेकेदाराने मजुरी थकवली तर ती मूळ मालकाने द्यायची, हे कंत्राटी कामगार कायद्याच्या कलम 21 मध्ये आहे. म्हणून बँकेच्या यादीशिवाय बिल पुढे जाणार नाही. त्याचबरोबर आपल्या बाजूचेही बंधन लिहून घेतले : चारही याद्या जुळल्या की बिल एकवीस दिवसांत सुटले पाहिजे, आणि उशीर झाला तर कारण माझ्या रजिस्टरमध्ये अकाउंट्सच्या सहीने.

जानेवारीत संपणारे कागद : प्लास्टरची पॉलिसी, आरसीसीचे लायसन्स, ए टॉवरच्या होइस्टचा तपासणी अहवाल. मेसेज गेले. हायड्राच्या मालकाने उलटण्याचे कव्हर घेतले, प्रत आली, पडताळणी उद्या.